व्हॉल्टच्या रनअपमध्ये पावलं जुळत नाहीत, कधी 13 पडतात कधी 14

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत मी क्रीडाशिक्षिका आहे. खो-खो माझा मूळ खेळ. जिम्नॅस्टिक्स मी नोकरीला लागल्यावर शिकले, म्हणून जाणकारांना विचारते आहे.

शाळेत सहा मुली व्हॉल्ट करतात, म्हणजे धावत येऊन उसळीच्या बोर्डावरून उडायचं आणि उंच टेबलावर हात टेकून पलीकडे उतरायचं. त्यातल्या एकीला आम्ही सगळे बारकी म्हणतो, वय 11. हातांत जोर आहे, हँडस्टँड खांबासारखा सरळ उभा राहतो. पाच पावलं धावून गाद्यांच्या थप्पीवर हँडस्प्रिंग (हातांवर उलटून पुन्हा पायांवर येणं) सुरेख करते. पण पूर्ण धाव घेऊन टेबलावर जायचं म्हटलं की घोटाळा होतो. आखलेल्या रेषेपासूनच निघते, तरी कधी 13 पावलांत बोर्डाशी पोचते, कधी 14. चौदावं पाऊल पडतं तेव्हा शेवटची दोन-तीन पावलं तुटक होतात, वेग मरतो, आणि बोर्डावर आली तरी बोर्ड तिला काही देत नाही. कशीबशी टेबलावर हात टेकून बसकण मारते.

विभागीय स्पर्धेत तर बोर्डाला पाय लागला आणि ती तिथंच थांबली. उडी शून्य. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं लावून बसली, धुळं येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मलाच जास्त लागलं ते, कारण तिला मी आतापर्यंत एकच सांगत आले: जोरात धाव, घाबरू नको. त्यानं बिघडतच गेलं आहे.

आमचा हॉल 60 फूट लांब. टेबल आणि पलीकडच्या गाद्या लावल्या की धावायला जागा उरत नाही, म्हणून धाव व्हरांड्यातून सुरू करतो आणि दारातून आत येतो. सुरुवातीची रेष कुठं असावी, किती पावलं असावीत आणि ती रोज सारखी कशी पडावीत, हे कुणी नीट सांगाल का?

भुसावळ_जंक्शन

ताई, मी व्हॉल्ट कधी केला नाही, पण नऊ वर्षं लांब उडी मारली. फळीवर पाय नेमका पडावा हे दुखणं आम्हालाही होतं, त्यामुळे धावेपुरतं बोलतो.

चूक दिसते शेवटच्या तीन पावलांत, पण होते पहिल्या तीन पावलांत. हे मला कळायला चार वर्षं लागली. पहिल्या पावलाला पाच बोटांचा फरक पडला की पुढचं प्रत्येक पाऊल त्यात थोडी भर घालत जातं, आणि बोर्डापाशी येईस्तोवर हातभर फरक होतो. पोरगी बिचारी शेवटी तो फरक गिळायला बघते. तुम्हाला जी तुटक पावलं दिसतात, तो तिचा सावरायचा प्रयत्न आहे. मूळ दुखणं मागं आहे.

1982 साली डेव्हिड ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब उडीच्या तरबेज खेळाडूंची धाव पावलापावलानं मोजली होती. तोवर सगळ्यांची समजूत अशी की चांगला खेळाडू पूर्ण धाव पाठ करून टाकतो, डोळे मिटले तरी फळीवर येईल. मोजल्यावर वेगळंच निघालं. त्यांचीही पावलं धावेगणिक इकडं-तिकडं पडत होती, फळीकडे जाताना फरक वाढत होता, आणि शेवटच्या काही पावलांत एकदम कमी होत होता. म्हणजे शेवट नजरेनं सावरलेला असतो. तरबेज माणसाला सावरायचं थोडं असतं म्हणून आपल्याला ते दिसत नाही. नवख्याला हातभर सावरायचं असतं म्हणून दिसतं.

तेव्हा दोन्ही कामं करा. मागची पावलं इतकी सारखी करा की शेवटी सावरायला थोडंच उरेल. आणि ते थोडं सावरायची सवयही लावा. कधी मुद्दाम अर्धा फूट मागून निघायला सांगा, कधी पुढून. नजर तयार होते.

आणि "जोरात धाव" हे उद्यापासून बंद करा. जोरात धावायला सांगितलं की पोरं पहिल्याच पावलाला उसळतात आणि सगळी मापं मोडतात. वेग हळूहळू चढत गेला पाहिजे आणि बोर्डावर येताना सगळ्यात जास्त असला पाहिजे.

पांझरा_आबा

राम राम. धुळ्याला 31 वर्षं शाळेत खेळ शिकवले, आता निवृत्त. भुसावळकरांनी धावेचं बरोबर सांगितलं. व्हॉल्टचं वेगळं काय, ते मी सांगतो.

लांब उडीत एक पाय फळीवर पडतो आणि माणूस उडतो. व्हॉल्टमध्ये शेवटच्या पावलावरून झेप घ्यायची, तिला हर्डल म्हणतात, आणि दोन्ही पाय जोडून बोर्डावर यायचं. ही झेप लांब आणि बुटकी हवी. पुष्कळ मुली ती उंच घेतात, वरून धप्पकन बोर्डावर पडतात, आणि धावेतून कमावलेला वेग तिथंच जातो. बोर्डावर येताना पाय शरीराच्या किंचित पुढं, चवडे टेकलेले, टाचा वर. बोर्ड नवा जोर फारसा देत नाही, तुम्ही आणलेल्या वेगाला वर वळवतो. वेगच आणला नाही तर वळवणार काय?

आता पावलांचा हिशोब. बारकी हर्डल कोणत्या पायावरून घेते ते आधी बघा. समजा डाव्या. मग 13 पावलांची धाव असेल तर पहिलं पाऊलही डावंच पडलं पाहिजे. पावलं विषम असली की पहिला आणि शेवटचा पाय एकच. पहिलं पाऊल चुकून उजवं पडलं, तर डाव्यावर यायला 12 किंवा 14 पावलं लागणारच, त्याला इलाज नाही. ताई, तुमची 13 आणि 14 ची भानगड मला तरी इथंच दिसते. ती निघते कोणत्या पायावर? रोज एकाच पायावर निघते का? उभी राहून निघते, की दोन पावलं डुलत येऊन मग धाव पकडते?

आणि रेष. तुम्ही ती बहुतेक अंदाजानं आखली असणार. ती उलटीकडून काढायची असते. बोर्डावर जिथं पाय पडायला हवेत तिथं बारकीला टेबलाकडे पाठ करून उभी करा. तिथून हर्डलएवढं अंतर पुढं टाका. आता तिथून तिला रनअपच्याच चालीनं दूर पळू द्या आणि तेरावं पाऊल पडेल तिथं खूण करा. पाच-सहा वेळा करा, खुणांचा मध्य काढा. ती तुमची कच्ची रेष. मग सरळ दिशेनं धावून ती वीत-अर्धी वीत पुढं-मागं सरकवत पक्की करा. टेपनं टेबलापासूनचं अंतर मोजून वहीत लिहा. बोर्ड टेबलापासून किती लांब ठेवला तेही लिहा, कारण बोर्ड चार बोटं सरकला की रेषही सरकली.

25 मीटरच्या मागं लागू नका. जागतिक नियमात ती कमाल मर्यादा आहे, एवढं धावलंच पाहिजे असं नाही. अकरा वर्षांच्या मुलीचा वेग त्याच्या कितीतरी आधी शिगेला पोचतो. उरलेली धाव म्हणजे दमणं आणि पावलं चुकायला जादा जागा.

नंदुरबारची_आई

मध्ये बोलते, माफ करा. माझी मुलगीही बोर्डाशी येऊन अडते. आमचे सर म्हणतात ही भीती आहे, पावलांचा काही संबंध नाही. घरी येऊन रडते. भीती आहे की पावलं चुकतात, हे ओळखायचं कसं?

पांझरा_आबा

ताई, टेबल काढून टाका. बोर्ड तिथंच ठेवा आणि पुढं नुसत्या गाद्या रचा, कमरेच्या खाली येतील इतक्या. धाव तीच, रेष तीच. बोर्डावरून ताठ उडी मारून गादीवर उभं राहायचं, एवढंच सांगा. दहा वेळा करू द्या. दहाही वेळा पावलं नीट पडली, तर धाव चांगली आहे आणि टेबलाची धास्ती आहे. मग टेबलाची उंची आणि उडी या बाजूनं हळूहळू चढवत न्यायचं. टेबल नसतानाही अडखळली, तर पावलं चुकतात.

मात्र माझ्या अनुभवात या दोन गोष्टी फार काळ वेगळ्या राहत नाहीत. पावलं चुकली की एकदा आपटते, आपटली की भीती बसते, भीती बसली की पावलं आखडतात. म्हणून घाबरलेल्या मुलीला "घाबरू नको" म्हणणं मला पटत नाही. तिच्या शरीराला कळलेलं असतं की आज बोर्ड हुकणार आहे. थांबली यात तिचं चुकलं नाही.

शहादेकर

फास्ट बॉलिंग करायचो, कॉलेजकडून खेळलो. आम्ही पावलं मोजायचो. मनातल्या मनात एक, दोन, तीन. मुलींनाही मोठ्यानं मोजत धावायला लावा, विसरणारच नाहीत.

भुसावळ_जंक्शन

दादा, इथं माझं मत वेगळं आहे. सुरुवातीचे पंधरा दिवस मोजणं चांगलं. पण मोजायची सवय राहिली तर स्पर्धेत डोकं आकड्यात अडकतं आणि नजर बोर्डावरून सुटते. मी चार पावलांपुरतं मोजायचो, पहिल्या चार. पुढं चाल कानानं धरायची. पायांचा आवाज ऐका, धाव चांगली असेल तर ठोके जवळ-जवळ येत जातात आणि मध्ये कुठं खंड पडत नाही. कानबाईच्या मिरवणुकीत डफ हळूहळू चढतो, तसं. तुटक पाऊल डोळ्याआधी कानाला कळतं. ताई, एकदा पाठ फिरवून उभ्या राहा आणि नुसतं ऐका.

पांझरा_आबा

कानाचं शंभर टक्के खरं. मी शेवटची काही वर्षं चष्म्याशिवायच शिकवायचो.

नजरेबद्दल एक भर घालतो. धावताना नजर बोर्डावर, आणि हर्डल घ्यायच्या जरा आधी ती उचलून टेबलावर, जिथं हात टेकायचे तिथं. बोर्डावर पाय पडेपर्यंत खाली बघत राहिली तर डोकं खाली, खांदे खाली, आणि हात टेबलावर उशिरा पोचतात.

बोरीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर मोजमाप केलं, ते लिहिते.

रविवारी सकाळी मैदानाच्या एका पट्टीवर पाणी मारलं, झाडून घेतलं. ओलसर काळ्या मातीत अनवाणी पाऊल छान उमटतं. टेबल नाही, बोर्डाच्या जागी नुसता चुन्याचा चौकोन. बारकीला पाच वेळा धावायला लावलं आणि प्रत्येक धावेनंतर अंगठ्याच्या टोकाशी रांगोळीची चिमूट टाकली, दर धावेला वेगळा रंग. पाचव्या धावेनंतर बाजूला उभी राहून पाहिलं तर सगळं समोर मांडलेलं होतं. हिरवी, पिवळी आणि पांढरी एकमेकांना चिकटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. लाल आणि जांभळी मात्र पहिल्याच पावलाला दुसऱ्या बाजूला. त्या दोन धावांत ती उजव्या पायावर निघाली होती. आबा, हर्डल ती डाव्यावरूनच घेते. तुम्ही न पाहता सांगितलंत.

आता ती कधी डाव्यावर आणि कधी उजव्यावर का निघते? हे दोन दिवस कळेना. मग आमच्याच सहावीतल्या एका मुलीनं दाखवून दिलं. बारकी सुरू करण्याआधी परीक्षकांना हात वर करून सलाम करते आणि मग वळून रेषेवर येते. मी उजवीकडे उभी असले की ती डावीकडे वळून येते आणि डावा पाय पुढं पडतो. मी डावीकडे असले की उलट. शाळेत मी जवळजवळ नेहमी उजवीकडेच असते, कारण पंख्याचं बटण तिकडं आहे. विभागीय स्पर्धेत परीक्षकांचं टेबल डावीकडे होतं. मी ते चित्र डोळ्यासमोर आणलं आणि अंगावर काटा आला. तिला तिथं पहिल्याच पावलाला चुकीचा पाय मिळाला होता, आणि मी बाहेरून ओरडत होते, जोरात धाव.

दुसरी गोष्ट हॉलमधली. मैदानावर डाव्या पायाच्या तिन्ही धावा सुंदर, पण हॉलमध्ये डाव्यावर निघूनही चौथं-पाचवं पाऊल बिघडायचं. एकदा आखूड, एकदा लांब टांग. तिलाच विचारलं. खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, उंबऱ्यावर पाय नही देवाना. माय रागे भरस." दाराचा उंबरा! घरात जे शिकवलं ते पोरगी धावतानाही पाळत होती. दर वेळी उंबरा चुकवायला पाऊल बदलायची, आणि पुढचं सगळं त्यानुसार हलायचं. दोन वर्षं मी त्या दाराशी उभी आहे आणि मला ते दिसलं नाही.

आता उंबऱ्याचं काय करू? वर सतरंजी टाकली तर घसरायची भीती वाटते.

पांझरा_आबा

सतरंजी अजिबात नको. उंबऱ्यावरून धावणंच बंद. मुलगी म्हणते ते ऐका, उंबऱ्यावर पाय देऊ नये हेच बरोबर.

हॉलमध्ये 9 पावलांची धाव ठेवा, दाराच्या आतच. 9 पण विषम, म्हणजे निघायचा पाय तोच राहतो, तिला काही नवीन शिकायचं नाही. तेवढ्या धावेत हँडस्प्रिंग नीट येते. 13 पावलांची धाव मैदानावर करा, टेबलाशिवाय, शेवटी बोर्ड आणि गाद्या. दोन्ही रेषा वेगवेगळ्या मोजा. 9 पावलांची रेष म्हणजे 13 च्या रेषेतून चार पावलं वजा, असं करू नका. कमी पावलांत वेग कमी, म्हणून पावलंही थोडी आखूड पडतात.

आणि निघण्याची एकच रीत ठरवा. सलाम झाला, परीक्षक कुठंही असोत, रेषेवर येऊन आधी दोन्ही पाय जोडायचे. एक श्वास. मग उजवा पाय रेषेवर, डावा उचलून पहिलं पाऊल. हे इतकं करा की झोपेत उठवलं तरी डावाच पाय निघेल.

जळगावची_फिजिओ

आबांच्या मैदानाच्या सल्ल्याला माझा दुजोरा, आणि एक काळजीही. या वयाच्या मुली रनअपचा सराव फरशीवर किंवा कोब्यावर करतात तेव्हा नडगीच्या आतल्या बाजूला दुखणं घेऊन येतात. माझ्याकडे अशा बऱ्याच येतात. पालक म्हणतात, धावून दुखतंय, होईल बरं. पूर्ण वेगाची धाव आणि बोर्डावरचा आघात दोन्ही मोजून करायला हवेत. एका दिवशी पूर्ण वेगाच्या धावा थोड्याच ठेवा, मधे पुरती विश्रांती द्या, आणि लागोपाठ दोन दिवस करू नका. दमलेल्या पायांनी धावलेल्या धावेतून पावलं पक्की होत नाहीत, उलट दमलेली चाल अंगवळणी पडते. दाबल्यावर नडगीवर एकाच जागी कळ येत असेल तर धाव थांबवून डॉक्टरांना दाखवा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर जातो. सकाळी सहा ते साडेसातच्या पुढं मैदानावर मुलींना पळवू नका. मातीही तापलेली असते, अनवाणी तर नकोच.

अजून एक. अकरा ते तेरा या वयात मुली झपाट्यानं उंच होतात. पाय लांब झाले की पाऊल लांब पडतं आणि तीच रेष जवळ वाटायला लागते. मुलीला कळत नाही आपलं काय बिघडलं. दर दीड-दोन महिन्यांनी रेष पुन्हा मोजा.

शहादेकर

ही उंबऱ्याची गोष्ट वाचून घरी सगळ्यांना वाचून दाखवली. ताई, एक शंका. स्पर्धेच्या ठिकाणी गेल्यावर ही मोजलेली रेष तशीच्या तशी चालते का? आमची बॉलिंगची पावलं मैदान बदललं की बदलायची.

पांझरा_आबा

चांगला प्रश्न. बहुतेक वेळा थोडी बदलते. गालिच्याच्या पट्टीवर पाऊल लांब पडतं, रबरावर वेगळं. म्हणून सरावाची वेळ मिळते तेव्हा पहिली धाव उडी न मारता, नुसती बोर्डाच्या बाजूनं काढायची. पाऊल कुठं पडतं ते कुणीतरी बघायचं. रेष वीतभर हलवायची, त्याहून जास्त नाही. त्याहून जास्त फरक वाटला तर रेषेला हात न लावता टेबल आणि बोर्ड मोजा.

हे मी का सांगतो? सिडनी ऑलिंपिक, सन 2000. मुलींची वैयक्तिक सर्वंकष अंतिम फेरी, म्हणजे सगळ्या साधनांवरचे गुण एकत्र धरतात ती. व्हॉल्टचा घोडा 125 सेंटिमीटरऐवजी 120 वर लागलेला होता. पाच सेंटिमीटर! जगातल्या उत्तम मुली धडाधड पडायला लागल्या. रशियाची स्वेतलाना खोर्किना त्या वेळी आघाडीवर होती, तीही पडली. उंची चुकल्याचं लक्षात आल्यावर घोडा वर केला आणि ज्यांनी आधी उड्या मारल्या होत्या त्यांना पुन्हा मारायची मुभा दिली. पण तोवर खोर्किनाचे बारवरचेही गुण गेलेले होते. ज्या मुलींचं शरीर मापाला इतकं पक्कं असतं, त्यांना पाच सेंटिमीटर जन्माचं नुकसान करून जातात. पुढच्या वर्षी, 2001 मध्ये, जुन्या घोड्याच्या जागी आताचं रुंद टेबल आलं. मुलींसाठी 125 आणि मुलांसाठी 135 सेंटिमीटर. लहान गटांच्या स्पर्धांत कमी उंची ठेवतात, ती आधी विचारून घ्या आणि स्वतः टेप लावून बघा.

मी स्वतः एका स्पर्धेत हे केलं नाही. आयोजकांनी बोर्ड नेहमीपेक्षा बराच मागं ठेवला होता, आणि माझी मुलगी घोड्याच्या कडेवर हात पडून मनगट दुखावून बसली. 1998 ची गोष्ट. तेव्हापासून खिशात टेप असतो.

नंदुरबारची_आई

आबा, गाद्यांचा प्रयोग केला. सरही तयार झाले. दहापैकी नऊ धावा नीट पडल्या! म्हणजे आमच्याकडे टेबलाचीच धास्ती आहे. निदान काय आहे ते तरी कळलं. आता सर गाद्यांची थप्पी आठवड्याला एक-एक गादी वाढवणार आहेत.

एक विचारायचं राहिलं. मधेच पावलं चुकल्याचं कळलं तर मुलीनं काय करावं? रेटून न्यावं का?

पांझरा_आबा

नाही. सोडून द्यावं, आणि लवकर सोडावं. बाजूला वळून बाहेर निघायचं. जागतिक नियमात बोर्डाला आणि टेबलाला न शिवता धाव सोडली तर 1 गुण जातो, पण पुन्हा धावता येतं. शिवून थांबलं की ती उडी शून्य. शालेय स्पर्धेत नियम वेगळा असू शकतो, सकाळीच परीक्षकांना विचारून घ्यावं. मुलींना धाव सोडायला शिकवावी लागते, सराव करून. मी शिट्टी वाजवायचो, शिट्टी वाजली की वळायचं. जिला सोडता येतं ती मोकळेपणानं धावते.

भुसावळ_जंक्शन

मुलींना एक नाव जरूर सांगा. दीपा कर्माकर. त्रिपुराची, आगरतळ्याची. तळपाय सपाट होते तिचे, धावण्या-उडण्याच्या खेळाला ते अडचणीचंच. बिश्वेश्वर नंदींनी तिला घडवलं. 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुलात व्हॉल्टला ब्राँझ, आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये 15.066 गुण घेऊन चौथी आली. ब्राँझ 0.150 नं हुकलं. बारकी जी हँडस्प्रिंग करते ना ताई, दीपाची प्रोदुनोव्हा त्याच घराण्यातली. समोरून धावत जायचं, हात टेकायचे, आणि पुढं हवेत दोन कोलांट्या.

बोरीकाठ

सांगितलं. त्यांना व्हिडिओ दाखवला तर बारकीनं पहिला प्रश्न विचारला, "ती कोणत्या पायावर निघते?" मग तीनदा मागं नेऊन पाहिलं.

आता सव्वादोन महिन्यांनी लिहिते आहे. मधे परीक्षा, मग आखाजी (अक्षय्य तृतीया) आली, मुली झोक्यावरून उतरायला तयार नव्हत्या, मीही सोडून दिलं. आठ दिवस सराव बंदच होता.

हॉलमध्ये 9 पावलं, मैदानावर 13. सलामानंतर पाय जोडणं, श्वास, डावा पाय. पहिले पंधरा दिवस फक्त पहिली चार पावलं केली, पुढं धावायचंच नाही, चार पावलं टाकून परत रेषेवर. मुली कंटाळल्या, पण मी हटले नाही. भुसावळच्या दादांचं ऐकून पाठ फिरवून आवाज ऐकते आता. पहिल्या दिवशी काही कळलं नाही. पण तिसऱ्या आठवड्यात मी न बघता म्हणाले, "आता तुटलं," आणि मागून बारकीच म्हणाली, "हो मॅडम, सातव्याला."

सातव्याला! तिला स्वतःला कळलं कुठं तुटलं. महिन्यापूर्वी विचारलं असतं तर नुसती रडली असती.

बोर्डावर खडू लावलेल्या तळव्यांचे ठसे बघते. आधी ते सगळ्या बोर्डभर पसरायचे, एक तर पार खालच्या टोकाला. आता एका वहीच्या पानात मावतील इतके जवळ पडतात. टेबलावरची हँडस्प्रिंग अजून पूर्ण नाही, टेबलावरून हात सुटल्यावरची झेप बुटकी आहे आणि उतरताना गुडघे वाकतात. पण गेल्या तीन आठवड्यांत ती बोर्डाशी एकदाही अडलेली नाही. दोनदा धाव सोडली, दोन्ही वेळा आपणहून, बोर्डाच्या पुष्कळ अलीकडे.

फिजिओताई, तुमचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. आखाजीनंतरच्या पहिल्या दिवशी सगळ्या खुणा बोर्डाच्या फार जवळ पडायला लागल्या. पाय बरोबर, चाल बरोबर, तरी बोर्ड अंगावर येत होता. भिंतीशी उभी करून उंची मोजली तर दोन सेंटिमीटर वाढलेली. रेष एक वीत मागं नेली. चुन्याची जुनी रेष पुसायला लागले तर ती म्हणाली, मॅडम, राहू द्या ना. म्हणून दोन्ही रेषा आहेत सध्या. जुन्या रेषेवरून आता पाचवीतली एक मुलगी निघते, तिला ती नेमकी बसते. फक्त तिचा पाय उजवा आहे, ते पुन्हा पहिल्यापासून बघायचं आहे.